डेक्कन ट्रॅपमधे नक्की कोण अडकलंय?

राजवाड्याची सून:
मुलाचा भूगोलाचा पेपर आहे, पुस्तकात लिहिलंय की इंदूरखालचा काळा दगड म्हणजे डेक्कन ट्रॅप. तो विचारतो ट्रॅप म्हणजे सापळा ना, मग कोण अडकलं त्यात? आणि आपण माळव्यात, दख्खन कुठून आलं मधेच? मला काही सांगता येईना, कोणी नीट सांगेल का.

महूकर काका:
सापळाबिपळा काही नाही ताई. स्वीडिश भाषेत ट्राप्पा म्हणजे जिना, तिकडच्या खनिजवाल्यांनी अठराव्या शतकात असल्या पायऱ्यापायऱ्यांच्या काळ्या दगडाला ट्रॅप म्हणायला सुरुवात केली आणि इंग्रजांनी तेच उचललं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. त्यातला घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, आणि ज्यात वायूचे बुडबुडे राहून गेले तो पोकळ थर लवकर झिजून त्याचा उतार होतो, म्हणून कडा, उतार, परत कडा. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटेसारखा लाल पट्टा पण असतो, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे बघा.

भिया_इंदोरी:
काका पातालपानीच्या धबधब्याला तर सरळसोट कडा आहे, पायऱ्या कुठंयत?? दर पावसाळ्यात जातो मी

महूकर काका:
अरे भिया जवळून एकच थर दिसणार ना. गाडीने मनमाडकडे जाशील तेव्हा अंकाई टंकाईचे डोंगरी किल्ले लांबून बघ, माथा सपाट आणि खाली टप्पे. आणि पातालपानीला गेलास की भज्यांवरून नजर काढून दगडातली भोकं बघ, पांढरे दाणे भरलेले असतात कित्येकदा, ते झिओलाइट नावाचं खनिज. धबधब्याच्या अगदी कडेला जाऊ नकोस मात्र.

जुनी इंदूर:
दख्खनचं राहिलंच की. साइक्स म्हणून इंग्रज अधिकारी होता, त्याने पुण्याकडच्या मुलखाचा अभ्यास करून १८३३ मधे त्यावर लिहिलं, म्हणून नावात दख्खन. दगड मात्र माळवा, कच्छ, काठियावाडपर्यंत पसरलेला, आजही जवळपास ५ लाख चौ.किमी. आपली काळी माती त्याचीच झीज. माळव्याचं नाव द्यायला हवं होतं, पण आम्हाला कोण विचारतो 😄

राजवाड्याची सून:
मुलाला वाचून दाखवलं. आता म्हणतो, डायनासोर ह्यानेच मेले का?

महूकर काका:
भांडण चालूच आहे त्यावर, मेक्सिकोत उल्का पण त्याच सुमारास पडली. पेपरात दोन्ही लिही म्हणावं.