आयत्या वेळी बोलायला उभं केलं तेव्हा... तुमचे अनुभव

आमच्या बैठकांच्या विषयपत्रिकेत शेवटचा विषय ठरलेला असतो : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. पण आयत्या वेळी बोलायची पाळी काही शेवटची वाट बघत नाही. साखरपुड्यात कुणीतरी हातात माईक देतं, बैठकीत साहेब एकदम वळून 'तुम्ही सांगा' म्हणतात, पालकसभेत नाव पुकारलं जातं. 'आत्मविश्वास ठेवा' हा सल्ला सगळेच देतात, त्या घडीला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. उठून उभं राहिल्यावर पहिलं वाक्य तुम्ही कुठून आणलंत आणि थांबलात कसे, ते लिहा.

सुरुवात मी करते. नोकरीत मी बैठकांचं इतिवृत्त लिहिते. ज्यांचं बोलणं मला दोन ओळींत उतरवता येतं, त्यांनी बहुतेक वेळा आधी मागणी सांगितलेली असते आणि मग कारण. पाल्हाळ लावणाऱ्यांची मागणी मात्र मला शोधून काढावी लागते.

बांधावरचा, अहिल्यानगर जिल्हा

आमच्याकडे दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे संचालक बोलतात आणि मग सूत्रसंचालक यादीत नसलेलं एखादं नाव पुकारतो. शेजारचे तात्या गेले तेव्हा माझं पुकारलं. आधीच्या प्रत्येकाने 'मनमिळाऊ, प्रेमळ, धार्मिक वृत्तीचे' म्हणून झालं होतं. ते सगळं खरंच होतं, पण ते कुणाबद्दलही म्हणता येतं.

उठताना डोक्यात एकच गोष्ट आली, तीच सांगितली. आमचा त्यांचा बांध लागून. पाण्याची पाळी रात्रीची असली की तात्या बॅटरी घेऊन आमच्या दारात यायचे, मला हाक मारून उठवायचे आणि माझं रान भिजेपर्यंत चारीवर बसून राहायचे. त्यांचं स्वतःचं भरणं आधीच उरकलेलं असायचं. एवढं बोललो, 'तात्यांना आमच्या घराच्या वतीने श्रद्धांजली' म्हटलं आणि खाली बसलो. मान्यवरांची नावं घेतलीच नाहीत. दुःखाच्या ठिकाणी कुणाचं नाव राहिलं याची चर्चा होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. नंतर त्यांच्या थोरल्या मुलाने मला बाजूला घेऊन त्या रात्रीच्या पाळ्यांबद्दल आणखी विचारलं. त्याला हे ठाऊक नव्हतं, तो तेव्हा पुण्यात नोकरीला होता.

आता दहाव्याला निघालो की वाटेतच त्या माणसाची एक तरी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आठवून ठेवतो, नाव पुकारो न पुकारो.

गटाची सचिव, यवतमाळ

आमच्या बचत गटाला भेट द्यायला जिल्ह्यावरून साहेब आले. अध्यक्षताई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून 'ताई, तुम्हीच सांगा गटाबद्दल' असं झालं. समोर बँकेचे मॅनेजर, ग्रामसेवक, कॅमेरावाला. घसा कोरडा पडला.

पण पंचसूत्री तर आम्ही दर बैठकीत बोटांवर मोजतो : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशोबाच्या वह्या. मी हात वर केला, अंगठा धरला आणि बैठकीचं सांगितलं, मग पुढचं बोट. प्रत्येक बोटावर आमच्याच गटातली एक गोष्ट. अंतर्गत कर्जावर आले तेव्हा मागे बसलेल्या बाईकडे हात करून म्हटलं, 'हिने त्यातून शिलाई मशीन घेतलं. अंगावरचं पोलकं तिनंच शिवलंय.' सगळे वळून बघायला लागले आणि तेवढ्यात मला श्वास मिळाला.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, थकबाकी किती? आकडा तोंडावर नव्हता. 'अंदाजाने सांगत नाही साहेब, वही बघून सांगते' म्हटलं आणि सगळ्यांसमोर वही उघडली. मला तर वाटतं, त्यांचा विश्वास तिथेच बसला.

ज्युनियर वकील

सीनियरांनी नुसती वेळ मागायला पाठवलं होतं. 'सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, पासओव्हर मिळावा', म्हणजे प्रकरण थोड्या वेळाने घ्यावं, असं म्हटलं, तर न्यायाधीश म्हणाले, 'फाईल तुमच्याच हातात आहे ना? करा युक्तिवाद.'

जामिनाचा अर्ज होता. जामिनात प्रश्न जवळपास ठरलेले असतात : आरोप काय, आरोपी कोठडीत कधीपासून, तपासाचं काय राहिलंय, पळून जाण्याची किंवा साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे का. मी त्याच क्रमाने गेले. एक गोष्ट सीनियरांकडून बघून शिकले होते, ती त्या दिवशी कामी आली : न्यायाधीशांच्या पेनाकडे लक्ष ठेवायचं. ते लिहीत असताना गप्प राहायचं, पेन थांबलं की पुढचा मुद्दा. त्यामुळे माझा वेग आपोआप उतरला. अर्ज मंजूर झाला, अर्थात केसही फारशी अवघड नव्हती.

दुबईकर

इथल्या टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबात, जातो. 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे सुरू झालेली ही संस्था. तिथे 'टेबल टॉपिक्स' असतात : उभं राहिल्यावर विषय कळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. एका मिनिटाला हिरवा दिवा, दीड मिनिटाला पिवळा, दोनला लाल. शिवाय एकजण तुमचे 'अं' आणि 'म्हणजे' मोजत असतो. दोन मिनिटं किती मोठी असतात ते तिथे अंगात मुरतं. फक्त, तिथे सगळे टाळ्या वाजवायलाच बसलेले असतात. ऑफिसात तसं नसतं, हे धरून चालावं.

टाळकरी, आळंदी

आमच्या गावच्या सप्ताहात बुवांची गाडी घाटात अडकली आणि मंडळींनी मला कीर्तनाला उभं केलं. वारकरी कीर्तनात एकच अभंग घेऊन चरणाचरणाने पुढे जायचं असतं, त्यामुळे वाट चुकत नाही. अडलो की ध्रुपदावर, म्हणजे अभंगाच्या पालुपदावर, यायचं, टाळकरी ते उचलतात आणि त्यांचं म्हणणं होईस्तोवर पुढचा दृष्टांत सुचतो. आता शाळेत शिकवतो. अधिकाऱ्यांनी अचानक काही विचारलं की आधी त्यांचाच प्रश्न मोठ्याने, सावकाश म्हणतो. माझं ध्रुपद तेच.

अडखळणारा

मी लहानपणापासून अडखळतो. वरचे अनुभव वाचताना सारखं वाटत होतं, शब्द सुचणं हा माझा प्रश्नच नाही, तो बाहेर येणं हा आहे. बैठकीत अचानक विचारलं की मी पहिल्यांदा सांगून टाकतो, 'मी अडखळतो, जरा वेळ लागेल.' लपवायची धडपड संपली की अडखळणं निम्म्यावर येतं. पहिला शब्द हळू, लांबवून उच्चारतो. कुणी माझं वाक्य पुरं करायला लागलं तर हात वर करून थांबवतो आणि स्वतःच पुरं करतो. लोकांनी एवढं एक पाळावं : आम्हाला शब्द पुरवू नका.

धागाकर्ती

फोनवर काय करता? तिथे तर समोरचा दिसतही नाही.

अडखळणारा

फोन सगळ्यात अवघड, कारण सुरुवातीलाच नाव विचारतात आणि माझा हमखास अडणारा शब्द माझं नावच आहे. म्हणून उभा राहून बोलतो आणि कामापासून सुरू करतो : 'नमस्कार, मीटरच्या रीडिंगबद्दल बोलायचं होतं.' दोन वाक्यं होऊन गेली की मग नाव सांगतो. तरीही कधी कधी पलीकडून 'हॅलो, आवाज येत नाहीये' म्हणून फोन ठेवतात. मी पुन्हा लावतो.