निर्वासित कुटुंबासाठी वर्गणी काढतोय, पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे?

हार्बरलाईनवाली:
खारघरला आमची सोसायटी आणि बाजूच्या दोन बिल्डिंगी मिळून दहाबारा जण एका अफगाण कुटुंबासाठी पैसे जमवतोय. नवरा-बायको, दोन मुलं, काबूल सोडून दिल्लीत राहत होते, यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड आहे, आता धाकट्याची ट्रीटमेंट टाटाच्या ॲक्ट्रेक कॅन्सर सेंटरला आहे म्हणून सहा महिने तरी इथे खोली लागणार. वन आरके बघितलंय, डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं धरून ८५ हजार, वर गॅस, पलंग, भांडी वेगळंच. लोक द्यायला तयार आहेत हो, पण ग्रुपवर तीन दिवस एकच वाद, जीपे कुणाच्या नंबरवर करायचं, एक म्हणतो माझ्या, दुसऱ्याला तो चालत नाही, सेक्रेटरी म्हणतात सोसायटीच्या खात्यात अजिबात नाही. अमेरिकेतला दीरपण पाठवतो म्हणतोय. कुणी केलंय का असं आधी?

कायमचा_खजिनदार:
सेक्रेटरींचं बरोबर आहे, मेंटेनन्सच्या खात्यात हे घुसडलंत तर ऑडिटच्या वेळी तोंडाला फेस येईल. स्वतःच्या खात्यातही नको, नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात ५० हजारांच्या वर जमा झाले की सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरू शकतात. आम्ही मंडळवाले गणपतीच्या वर्गणीआधी चॅरिटी कमिशनरकडून कलम ४१ क ची परवानगी काढतो, नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून जमवायचं तर तोच रस्ता. नाहीतर सरळ पैसे हातातच घेऊ नका. एकाने डिपॉझिट घरमालकाला ट्रान्सफर करायचं, दुसऱ्याने पहिल्या महिन्याचं भाडं, तिसऱ्याने गॅस, आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर. आमच्या वॉचमनच्या मुलीच्या ऑपरेशनला असंच केलं, एका पैशाचं भांडण नाही झालं. दिराचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर ठीक, तिकडचा नागरिक झाला असेल तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं लफडं आहे, त्याला तूर्त थांबवा.

भाडेवाला_बेलापूर:
पैशाआधी कागद बघा. आपण निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. त्यांच्याकडे एफआरआरओचं, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसचं काय आहे ते विचारा, घरमालकालाही आधीच सांगून ठेवा, लपवून आणलं आणि नंतर कळलं तर तो भर पावसात बाहेर काढेल. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, आधी त्याला फॉर्म सी म्हणायचे, माझ्याकडे इराणी विद्यार्थी होते तेव्हा दरवेळी भरलाय, दहा मिनिटांचं काम आहे. पोलिसात भाडेकरूची नोंद असतेच.

परळचा_जुना:
आपल्या गावाकडची माणसं परळला टाटाबाहेर फुटपाथवर झोपतात, त्यांच्यासाठी कोण ग्रुप काढतं का??

कोपरी_कॉलनी:
काढा की, पहिले ५०० माझे.
माझी आजी फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पला आली, म्हणजे आत्ताचं उल्हासनगर, लष्कराच्या बराकी होत्या, मधे पोती टांगून एकेक कुटुंब. धान्य मिळायचं म्हणे, पण मसाला वाटायला काही नाही, मिरची दगडावर ठेचायची. मग कल्याणच्या एका बाईने पाटा-वरवंटा दिला, तो अजून आमच्याकडे आहे, आई कुणाला हात लावू देत नाही. म्हणून पलंग घ्यायच्या आधी त्या अफगाण बाईंना काय हवंय ते एकदा विचारा.

हार्बरलाईनवाली:
कालच फोन केला. दिल्लीत राहून हिंदी छान येतं त्यांना, मीच उगाच हळूहळू बोलत होते 🙈 पलंग नकोत म्हणाल्या, खाली सतरंजी आणि चार तक्के बास, मोठा कुकर आणि चहाचा थर्मास मात्र हवा, त्यांच्यात चहा दिवसभर चालतो. सेक्रेटरींच्या मिसेसनी वेलकमचा बॅनर, बुके, सगळं ठरवलं होतं, ते रद्द केलं, केमोनंतर पोराला गर्दीपासून लांब ठेवायला सांगितलंय डॉक्टरांनी. मिसेस रुसल्यात. पैसे खजिनदारांनी सांगितलं तसंच, डिपॉझिट तिघांनी वाटून घेतलं. घरमालक तो ऑनलाइन फॉर्म भरायला तयार आहे, फक्त मला शेजारी बसून भरून द्यायला लागेल.
कुकर मिळाला. दोन लिटरचा थर्मास कुणाकडे जास्तीचा आहे का?