यकृताच्या शस्त्रक्रियेत भुलीची निवड: वेदना आणि संभ्रम यांविषयी प्रश्न

दिंडोरीकर
नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृताच्या उजव्या भागात पसरल्यामुळे तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात नाशिकमध्ये ठरली आहे. सेव्होफ्लुरेन वायूची भूल द्यायची की शिरेतून सतत प्रोपोफॉल, आणि वेदनेसाठी पाठीत एपिड्युरलची नळी घालायची की नाही, हे अजून ठरायचे आहे. द्राक्षबागेचा सगळा हिशेब वडिलांना आजही तोंडपाठ असतो. नात्यातील एक आजोबा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस घरच्यांना ओळखत नव्हते, त्यामुळे आईने वेदनेपेक्षा त्याचीच धास्ती घेतली आहे. भुलीच्या निवडीने या दोन्ही गोष्टींत खरोखर किती फरक पडतो?

भूलतज्ज्ञ, नाशिक रोड
आधी वेदनेविषयी लिहितो, कारण न आवरलेली वेदना हेही संभ्रमाचे एक कारण असते. बरगड्यांखालच्या मोठ्या छेदामुळे सुरुवातीचे दोन-तीन दिवस खोकतानाही दुखते. एपिड्युरलने ही वेदना उत्तम आवरते. परंतु रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतातच तयार होत असल्याने त्याचा मोठा भाग काढल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) वाढतो, प्लेटलेट कमी होतात, आणि नळी काढण्याची वेळ नेमकी त्याच दिवसांत येते. तेव्हा मणक्यात रक्तस्राव होऊन पायांतील शक्ती जाण्याचा धोका विरळ असला तरी गंभीर आहे. शिवाय एपिड्युरलने रक्तदाबही उतरतो. म्हणूनच ‘इरास’ या, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठीच्या उपक्रमाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत यकृताच्या खुल्या शस्त्रक्रियेसाठी एपिड्युरलची सरसकट शिफारस केलेली नाही. जखमेत बारीक नळी ठेवून बधिरतेचे औषध देणे किंवा शस्त्रक्रियेपूर्वी मणक्यात मॉर्फिनचे एकच इंजेक्शन देणे, हे पर्याय आहेत.

प्रोपोफॉलनंतर मळमळ आणि उलट्या कमी होतात, हे निश्चित. काही अभ्यासांत पहिल्या दिवसाची वेदनाही थोडी कमी आढळली. संभ्रमाबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि केवळ त्यासाठी एका औषधाचा आग्रह धरावा असे मला वाटत नाही. मेंदूच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या आधारे भूल गरजेपेक्षा खोल जाऊ न देणे आणि मिडाझोलम हे गुंगीचे औषध टाळणे, याला मी अधिक महत्त्व देतो. यकृताचा भाग काढल्यावर असे औषध शरीरात जास्त काळ रेंगाळू शकते.

पंचवटीकर
माझ्या आईची अशीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती दोन रात्री गोंधळलेली होती. चष्मा आणि श्रवणयंत्र परत लावल्यावर, दिवसा उजेडात बसवल्यावर आणि ओळखीचे माणूस जवळ ठेवल्यावर बराच फरक पडला. या वस्तू अतिदक्षता विभागात कोणी आणून द्यायच्या, हे आधीच ठरवून ठेवा.

भूलतज्ज्ञ, नाशिक रोड
अगदी योग्य. मात्र सुस्ती वाढत गेली किंवा हात थरथरू लागले, तर तो भुलीचाच परिणाम आहे असे गृहीत धरू नका. उरलेले यकृत कमी पडल्याने किंवा बद्धकोष्ठतेमुळे रक्तातील अमोनिया वाढलेला असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पॅरासिटामॉलही सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

दिंडोरीकर
मनापासून आभार. वडील गेली काही वर्षे रात्री झोपेसाठी अल्प्राझोलम घेतात. ते आतापासून बंद करावे का?

भूलतज्ज्ञ, नाशिक रोड
स्वतःहून एकदम बंद करू नका, कारण ते अचानक थांबवल्यानेही संभ्रम किंवा झटके येऊ शकतात. गोळीचे नाव आणि मात्रा लिहून नेऊन याच आठवड्यात आपल्या भूलतज्ज्ञांना दाखवा, म्हणजे ती हळूहळू कमी करायची की तशीच चालू ठेवायची, हे ठरवायला त्यांना पुरेसा वेळ मिळेल.