उत्तर: मूळ रेणू तसाच का वापरत नाहीत?

प्रश्न असा होता की लायकेनमधलं (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला जीव) अस्निक अ‍ॅसिड जंतू मारतं, तर त्याच्या सरळ गोळ्या का नाहीत? गोळ्या होत्या की! वजन घटवायच्या. यकृत निकामी होण्याच्या तक्रारी आल्या आणि 2001 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (अन्न-औषध नियामक संस्थेला) अशा एका उत्पादनाबद्दल इशारा द्यावा लागला.

गोम अशी की हा रेणू तेलकट स्वभावाचा, सौम्य आम्ल. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) पडद्यातून प्रोटॉन घेऊन आरपार जातो, त्यामुळे ज्या प्रोटॉनच्या दाबावर एटीपी हे पेशीचं इंधन बनतं, तो दाबच ओसरतो. अन्न जळतं, पण एटीपी बनत नाही. वजन घटतं ते त्यामुळेच, आणि यकृताचं नुकसान होण्यामागेही मुख्यतः हेच. शिवाय पाण्यात जवळपास विरघळत नाही.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ सांगाडा ठेवून टोकं बदलतात. रेणूच्या अ‍ॅसिटिल गटावर अमाइन जोडून एनामाइन नावाचं संयुग करतात, हायड्रॅझिनने पायरॅझोलचं (नायट्रोजन असलेल्या अणूंचं) कडं बांधतात. रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या संशोधक गटाचं काम मला सगळ्यात चलाख वाटतं. कर्करोगाची पेशी टोपोटेकॅन या कर्करोगावरच्या औषधाने झालेली डीएनएची मोडतोड टीडीपी1 या एन्झाइमने दुरुस्त करते. त्यांनी अस्निक अ‍ॅसिडचे असे अवतार घडवले की ते ही दुरुस्तीच अडवतात. म्हणजे स्वतः मारेकरी नव्हे, मारेकऱ्याचा साथीदार.

जंतूंच्या बाबतीत मात्र मर्यादा आहे. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्राम-पॉझिटिव्ह (बाहेरचा जादा पडदा नसलेल्या) जंतूंवर मूळ रेणू चांगला चालतो, ई. कोलायसारख्यांच्या बाहेरच्या पडद्यापुढे अडतो.

आणि हो, गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण चिमूटभर आमटीने कर्करोग बरा होतो असले फॉरवर्ड कृपया इथे नकोत.