विषय: इंजिन तापल्यावरही आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) १५०० वर, काय बघावं?

मंडळी, नमस्कार.

आमची जुनी पेट्रोल सेडान सिग्नलला उभी असताना १५०० आरपीएमच्या खाली येईनाशी झाली आहे. थंडीत सकाळी तेवढी चढते हे ठाऊक आहे, पण अर्धा तास चालवल्यावरही तेच. बर्फावर तर ब्रेक दाबला तरी गाडी पुढे रेटते. मुलांना शाळेत सोडताना जीव मुठीत असतो. गाडीच्या संगणकात बिघाडाचा कोड आलाय पी०५०७. गॅरेजवाले थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचा भाग) बदला म्हणतात आणि खर्च बराच आहे. कोणी जाणकार सांगेल का?

– मिसिसागा, कॅनडा

उत्तर:

ताई, थ्रॉटल बॉडी एवढ्यात बदलू नका. पी०५०७ म्हणजे आयडल ठरल्यापेक्षा जास्त आहे, एवढंच. कशामुळे, ते हा कोड सांगत नाही.

तापलेलं इंजिन साधारण ६०० ते ८५० वर स्थिरावतं. त्याहून वर राहतंय म्हणजे कुठून तरी जादा हवा आत जाते आहे. ती एअरफ्लो सेन्सरवरून मोजली जाऊन येते की त्याला चुकवून, हे आधी ठरवायचं. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचणारं यंत्र) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा, बघा, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला. आयडलला +१५ टक्के किंवा जास्त आणि २५०० ला शून्याकडे उतरत असेल, तर व्हॅक्यूम गळती, म्हणजे सेन्सरच्या पुढे कुठल्या तरी फटीतून हवा आत ओढली जाते आहे. आयडलला बाहेरून शिरणारी हवा एकूण हवेच्या मानाने पुष्कळ असते, रेस वाढली की तिचा वाटा नगण्य होतो, म्हणून आकडा असा पडतो. दोन्हीकडे शून्याच्या आसपास असेल, तर मात्र थ्रॉटलची झडप पूर्ण मिटत नसेल किंवा काजळी धरली असेल.

त्याच स्क्रीनवर कूलंटचं तापमानही बघा. इंजिन तापलेलं असून सेन्सर २० अंश दाखवत असेल, तर संगणक थंड इंजिन समजून आयडल चढवतो.

गळती असेल तर पीसीव्हीचा होज (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारी नळी), ब्रेक बूस्टरचा होज (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची नळी) आणि इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावरची पट्टी), या क्रमाने बघा. इथल्या थंडीत जुनं रबर कडक होऊन तडकतं, आणि तडा बहुधा खालच्या अंगाला, वळणावर असतो. वरून होज धड दिसतो. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे पुष्कळ आहेत, पण तापल्या इंजिनावर तो पेटू शकतो. कृपा करून तसं करू नका, स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या. आणि कितीही थंडी असो, गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका. उघड्या दारातही नको, बाहेर काढा.

– ब्रॅम्प्टन

उत्तर:

दादा, आयडलला +१९, २५०० ला +३. कूलंट ८९ अंश. पीसीव्हीचा होज काढला तर खालून बोटभर चीर! नवा घातल्यावर आयडल ७०० वर आलं. आता थ्रॉटल बॉडी निदान साफ करून घेऊ का?

उत्तर:

उत्तम! आयडल स्थिर असेल तर सध्या राहू द्या. साफ केलीच, तर त्यानंतर आयडल रिलर्न (संगणकाला आयडल नव्याने शिकवणं) करायला सांगा, कारण काजळीने अडलेल्या हवेचा हिशेब संगणकाने धरलेला असतो. ती निघाली की काही काळ आयडल पुन्हा चढतं. इलेक्ट्रॉनिक झडप इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू देऊ नका, आतले गिअर तुटू शकतात. कोड पुसून आठवडाभराने ट्रिम पुन्हा कळवा.