विषय: आरएक्स-८ घ्यावी का? रोटरीचा कुणाला अनुभव?

मंडळी नमस्कार,

वर्गणी आणि हॉल बुकिंग सोडून भलताच विषय काढतोय, कार्यवाहांनी सांभाळून घ्यावं.

माझदाची आरएक्स-८ हेरून ठेवली आहे, पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार. २००६ ची, सहा गिअरची मॅन्युअल. रंग टकाटक, सीटला एक चीर नाही, आणि वयाच्या मानाने चाललीय फारच कमी. मागची दोन छोटी दारं उलट्या बाजूने उघडतात, त्यामुळे "स्पोर्ट्स कार असली तरी चौघांची आहे" या एका मुद्द्यावर घरून परवानगी मिळवली आहे. शनिवारी चालवून बघायला जातोय. विकणारा म्हणतो, इंजिनाकडे बघायचंच कारण नाही. नेटवर मात्र निम्मे लोक म्हणतात अशी गाडी पुन्हा होणे नाही, आणि उरलेले म्हणतात पळ.

चालवताना नेमकं काय बघू?

— ध्वनिव्यवस्थावाला

———

विषय: उत्तर: आरएक्स-८ घ्यावी का?

अरे बाबा, पळ.

इंजिन १.३ लिटरचं आणि पेट्रोल पितं तीन लिटरच्या गाडीचं. शंभर किलोमीटरला बारा-तेरा लिटर, गर्दीत त्याहून जास्त. शिवाय ऑइलही पितं. माझ्या ओळखीत एकाकडे होती, अर्धं वर्ष गाडी आणि अर्धं वर्ष अंगणातली शोभेची वस्तू. त्यापेक्षा चार सिलिंडरची साधी गाडी घे आणि सुखाने झोप.

(विषय मंडळाचा नसला तरी चालू द्या. हॉलबद्दल तसंही कुणी उत्तर देत नाही.)

— कार्यवाह

———

विषय: उत्तर: उत्तर: आरएक्स-८ घ्यावी का?

कार्यवाहांचं ऐकू नकोस, आणि विकणाऱ्याचंही ऐकू नकोस.

माझ्याकडे आधी आरएक्स-७ होती, शेवटच्या पिढीची, दोन टर्बोवाली. त्यानंतर आरएक्स-८ आली, ती अजून आहे. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, विकणाऱ्याला आदल्या दिवशी बजावून ठेव की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघ. गरम लागलं तर गप्पा मार, चहा पी, परत ये, वाटल्यास दुसऱ्या दिवशी जा. इंजिन थंड असताना सुरू केलंस की पहिल्यांदा एक घरघर ऐकू येईल, व्हॅक्यूम क्लीनर लावल्यासारखी. घाबरू नकोस, तो एक्झॉस्टमध्ये हवा ढकलणारा पंप आहे, थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. ही घरघर आलीच नाही तर एकतर पंप गेलाय, नाहीतर तू यायच्या आधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलंय. तापवून का ठेवतात ते वाचनालयवाली ताई जास्त नीट सांगेल.

इंजिन पूर्ण तापेपर्यंत चार हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) वर जाऊ नकोस. या वेळात बाकीचं बघून घे. क्लच दाबताना पेडलमधून करकर येते का ते ऐक. या गाडीत पेडलच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग चिरतं, आणि एक दिवस पेडल आडवं होतं. स्टीअरिंग सरळ धरून ब्रेक मारून बघ. वळणावर मात्र तुला फारसं काही तपासायचं नाही, तिथे ही गाडी तुलाच तपासते! इंजिन एवढं लहान आणि पुढच्या चाकांच्या इतकं मागे बसवलंय की पुढचं आणि मागचं वजन जवळपास निम्मं-निम्मं आहे. स्टीअरिंग हलवलं की नाक लगेच तिकडे.

मग तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय खाली दाब आणि सोडू नकोस. तीन हजारापर्यंत तुला वाटेल, कार्यवाह बरोबर बोलत होते. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, साधारण २१० न्यूटन-मीटर, तोही साडेपाच हजारांच्या आसपास मिळतो. सहा हजारांनंतर गाडी जागी होते, आणि नऊ हजारांच्या लाल रेषेच्या जरा आधी बझर वाजतो. बझर मुद्दाम दिलाय, कारण हे इंजिन थरथरत नाही, ओरडत नाही, त्यामुळे गिअर बदलायची वेळ झाली हे कानाला कळतच नाही. सात हजारांच्या पुढे कुणीतरी मागून धरल्यासारखी गाडी अडखळली तर कॅटलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) चोंदलाय असं समज. तो चोंदतो तो बहुतेक वेळा इग्निशन कॉइल म्हाताऱ्या झाल्यामुळे. ठिणगी कमी पडते, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तिथली जाळी वितळते, उष्णता मागे इंजिनात तुंबते. एका स्वस्तातल्या कॉइलपायी अख्खं इंजिन जातं ते असं. कॉइल चार, प्लग चार. शेवटच्या कधी बदलल्या ते विचार, आणि पावती माग.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालवून आल्यावर. गाडी बंद कर, दहा मिनिटं थांब आणि परत स्टार्टर मार. ताबडतोब सुरू झाली तर पुढची बोलणी कर. स्टार्टर नुसता घुमत राहिला तर किल्ली परत देऊन घरी ये. मग रंग कितीही टकाटक असो.

वजन, पॉवर, किलोमीटर हे सगळं ब्रोशरमध्ये असतं. या गाडीत विकत घ्यायचं असतं ते कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल किती दाबलं जातं ते.

— खजिनदार काका

ता. क. इंजिन टिकत नाही म्हणणाऱ्या कार्यवाहांसाठी: १९९१ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती माझदाच्या ७८७बी ने, चार रोटरचं इंजिन लावून.

———

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आरएक्स-८ घ्यावी का?

त्या गाडीमागे अख्खी टीम होती हो, खजिनदार. याच्यामागे फक्त बायको आहे, तीही चौघांची गाडी म्हणून.

— कार्यवाह

———

विषय: गरम असताना का सुरू होत नाही

काकांनी माझ्यावर ढकललंय तर सांगते. नोकरीत माझा पंपांशी आणि सीलांशी रोजचा संबंध, त्यामुळे हा भाग माझ्या आवडीचा.

रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फिरतो, आणि त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल आत येत असतं, दुसऱ्यात दाबलं जात असतं, तिसऱ्यात जळून बाहेर पडत असतं. रोटरची एक फेरी होईपर्यंत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. म्हणून डायलवर नऊ हजार दिसत असताना रोटर बिचारा तीन हजारांनीच फिरत असतो.

हे तीन कप्पे एकमेकांपासून वेगळे कोण ठेवतं? रोटरच्या तिन्ही टोकांना बसवलेल्या पातळ पट्ट्या, एपेक्स सील. त्या घराच्या भिंतीला सतत घासत जातात. जर्मनीत फेलिक्स वांकेलच्या इंजिनाचा पहिला नमुना एनएसयू कंपनीत १९५७ ला फिरला, पण सील झिजण्याचं दुखणं तिथे कधी पूर्ण बरं झालं नाही. जपानमध्ये माझदाच्या केनिची यामामोतोंच्या तुकडीला भिंतीवर आडवे ओरखडे सापडायचे, त्यांना ते लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्यांवर त्यांचं काम भागलं, आणि १९६७ ला दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

आता तुझ्या प्रश्नाकडे. सील झिजले किंवा कार्बनने अडकले की दाब गळतो. थंड इंजिनात ऑइल दाट असतं, तेच फटी बुजवतं, आणि गाडी सुरू होते. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं, स्टार्टरच्या मंद वेगात दाब साठायच्या आत निसटून जातो. म्हणून विकणारे गाडी थंडच दाखवतात आणि चालवून आल्यावर इंजिन बंदच करत नाहीत. काही जण उलटं करतात. थंडीत सुरू व्हायलाही कुरकुरत असेल तर आधीच तापवून, चालू ठेवूनच दाखवतात. दोन्ही वेळा बघायचं ते याचसाठी.

ऑइल पिते हा दोष नाही, तशीच रचना आहे. सीलांना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप ऑइल थेट कप्प्यात सोडतो, आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. २००९ पासूनच्या गाड्यांत प्रत्येक रोटरला दोनाऐवजी तीन ठिकाणी ऑइल मिळतं. तुझी त्याआधीची आहे. त्यामुळे उलट सांगते, मालक म्हणाला "दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल टाकावंच लागत नाही", तर खूश होऊ नकोस. एकतर तो डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघत नाही, नाहीतर पंप काम करत नाही.

पेट्रोल जास्त का लागतं याचं कारण कप्प्याचा आकार. तो लांबट, चपटा आणि सरकता आहे. ज्योत टोकापर्यंत पोचत नाही आणि बरीच उष्णता भिंतींना जाते. त्यावर इलाज नाही, ते मान्य करूनच गाडी घ्यायची.

— वाचनालयवाली ताई

———

विषय: जाऊन आलो!

काका, ताई,

बॉनेट थंड होतं. घरघर आली (सांगितलं नसतं तर मी तिथेच निघून आलो असतो). क्लच गप्प. दुसऱ्या गिअरमध्ये बझरपर्यंत नेली, कुठे अडखळली नाही. काका, त्या आवाजाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत! शिवणयंत्र चिडल्यासारखा सुरू होतो आणि वर जाता जाता एकच लांब सूर होतो. शेजारच्या सीटवर विकणारा फोन बघत बसला होता, मला हसू आवरत नव्हतं.

परत आल्यावर बंद केली. तो लगेच म्हणाला, "कशाला बंद करता, कागदपत्रं बघू या." मी कागदपत्रं बघत बघत दहा मिनिटं काढली आणि किल्ली फिरवली. सुरू झाली, पण पटकन नाही. नेहमीच्या गाडीला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ स्टार्टर फिरला.

आता काय समजू? फाइलमध्ये कॉइल बदलल्याची पावती नाही. कॉम्प्रेशन टेस्टचा एक कागद आहे, त्यावर प्रत्येक रोटरला एकच आकडा लिहिलाय.

— ध्वनिव्यवस्थावाला

———

विषय: उत्तर: जाऊन आलो!

तो कागद बाजूला ठेव. एका रोटरला एकच आकडा म्हणजे पिस्टन इंजिनाचं साधं गेज लावलंय. त्याच्या तोंडाशी झडप असते, ती तीन कप्प्यांतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवते. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी तिसरीच्या जिवावर रोटर पास. रोटरीचा टेस्टर वेगळा असतो, तो तिन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्र देतो, म्हणजे दोन रोटरचे मिळून सहा, आणि स्टार्टर किती आरपीएमने फिरत होता तेही. तसा टेस्टर असलेला माणूस शोध, इंजिन तापलेलं असताना टेस्ट करायला लाव, आणि पैसे तू दे. विकणाऱ्याने करून आणलेली चालणार नाही.

आकडे असे वाच. २५० आरपीएमला ८३० किलोपास्कलच्या आसपास म्हणजे नव्यासारखं. ६८० च्या खाली म्हणजे इंजिन उतरवून बांधायचं. एका रोटरच्या तीन बाजूंत १५० पेक्षा जास्त तफावत नको, दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त नको. मला स्वतःला मोठ्या आकड्यापेक्षा सारखे आकडे आवडतात. सहाही ७३० असतील तर इंजिन समान झिजलंय, अजून बरंच जाईल. पाच ८०० आणि एक ६६० असेल तर तिथे एखादा सील तुटलाय किंवा अडकलाय.

स्टार्टरचा वेग लिहून घ्यायला विसरू नकोस. सुरुवातीच्या गाड्यांचा स्टार्टर मुळात अशक्त, त्यात बॅटरी जुनी असेल तर चांगलं इंजिनही आजारी दिसतं. तुझ्या गाडीचं तेच असण्याची शक्यता मला वाटते, पण माझ्या वाटण्यावर पैसे देऊ नकोस.

विकणारा टेस्टला नाही म्हणाला तर तेच त्याचं उत्तर.

— खजिनदार काका

———

विषय: टेस्टचे आकडे

विकणाऱ्याने आधी बरेच आढेवेढे घेतले. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, टेस्टशिवाय घेतंय वगैरे. मी म्हटलं, मग त्याला द्या. दोन दिवसांनी स्वतःच फोन केला.

पुढचा रोटर: ७६०, ७५०, ७७०. मागचा रोटर: ७२०, ७३०, ७१५. स्टार्टर २१० आरपीएम, म्हणजे २५० ला आणले तर आकडे अजून थोडे वर जातील असं टेस्ट करणारा म्हणाला. बॅटरी बदलून बघितली तर गरम असतानाही झटक्यात सुरू झाली.

नवीन स्टार्टर, चार कॉइल आणि चार प्लग यांचा खर्च किमतीतून कापून घेतला. गाडी दारात आहे. कार्यवाह, मागच्या सीटवर बसून दाखवायचं आमंत्रण तुम्हाला.

— ध्वनिव्यवस्थावाला

———

विषय: उत्तर: टेस्टचे आकडे

अभिनंदन. मागचा रोटर थोडा कमी असतो, चालतं. आता पाळायचं ते असं: पेट्रोल भरताना एक सोडून एक वेळी डिपस्टिक. तापमानाच्या सुईवर विसंबू नकोस, ती इंजिन चांगलंच तापेपर्यंत मधोमध बसून राहते, वेगळा गेज लाव. रोज एकदा, तापल्यावर, बझरपर्यंत न्यायची, म्हणजे कार्बन धरत नाही. आणि गाडी नुसती सुरू करून, दोन फूट पुढे घेऊन बंद करायची नाही, कधीच नाही. प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग सुरू होत नाही. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मार. इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल बाहेर जातं.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. आमची गाडी एकदा पाहुण्यांनी "जरा बाजूला घेतली" होती.

— खजिनदार काका

———

विषय: उत्तर: उत्तर: टेस्टचे आकडे

मागच्या सीटवर बसतो, पण उतरवायला दोघं लागतील.

— कार्यवाह

———

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: टेस्टचे आकडे

शनिवारी प्लग बदलायला घेतोय. ताई म्हणाली की वरचे आणि खालचे वेगळे असतात, अदलाबदल करायची नाही, तर आधी फोटो काढून ठेवतो. टॉर्क रेंच कुणाकडे आहे का? रविवारी परत आणून देतो.

— ध्वनिव्यवस्थावाला