स्कॅगवेची डोंगरगाडी: तिकीट जहाजाकडून घ्यायचं की थेट रेल्वेकडून?

पश्चिमवारा (धागाकर्ती)

ऑगस्टमध्ये सिअॅटलहून अलास्काची क्रूझ ठरली आहे. आम्ही दोघं आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा. स्कॅगवेला जहाज सकाळी ७ ला लागतं, रात्री ८ ला सुटतं. तिथली व्हाइट पास अँड युकॉन रेल्वे करायची हे बाबांनी घरातून निघायच्या आधीच जाहीर केलंय, त्यामुळे त्यावर चर्चा नको. चर्चा हवी आहे तिकिटावर.

जहाजाच्या अॅपवर जी सहल आहे, तीच रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे. तीच गाडी, तोच डोंगर, येऊन-जाऊन तेच पावणेतीन तास. चौघांचे मिळून पैसे मात्र जहाजाकडे चांगलेच जास्त. का, तर म्हणे "आमच्याकडून घेतलंत तर उशीर झाला तरी जहाज थांबेल".

माझं म्हणणं असं की निदान या गाडीसाठी तरी ही भीती विकत घेण्यात अर्थ नाही. सकाळची गाडी घेतली तर दुपारच्या जेवणाला आपण गावात परत. त्यानंतरही जहाज सुटायला सात-आठ तास. दुसरं म्हणजे हजार-बाराशे वस्तीचं गाव, आणि भर हंगामात एकेका दिवशी दहा हजारांवर माणसं जहाजांतून उतरतात. गाडीतले बहुतेक प्रवासी संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या जहाजावर परतणारेच असतात. ज्या रेल्वेचं पोट जहाजांवर चालतं, ती गिऱ्हाइकांची जहाजं चुकवत बसेल का? विरोधी मतं ऐकायला आवडतील, पण "मनःशांती महत्त्वाची" एवढंच लिहून जाऊ नका, कृपया.

निवांत_काका

मनःशांती महत्त्वाची. :)

आता मुद्दा. जहाज चुकण्याची शक्यता कमी आहे, कबूल. पण चुकलं तर काय, हे बंदराबंदरानुसार बदलतं आणि तुम्ही ते धरलेलंच नाही. बार्सिलोनाला चुकलं तर रेल्वेनं मार्सेय गाठता येतं. स्कॅगवेला चुकलं तर? बऱ्याच जहाजांचा दुसरा दिवस ग्लेशियर बेमध्ये जातो, तिथे जहाज धक्क्याला लागतच नाही. जूनोला जाऊन थांबावं म्हटलं तर जूनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही. सरकारी फेरी रोज नसते. छोटी विमानं आहेत, ती ढग बघून उडतात. स्कॅगवेतून बाहेर पडणारा एकच रस्ता आणि तो थेट कॅनडात जातो. सत्तरीचे आई-बाबा, त्यांच्या गोळ्या जहाजावरच्या खोलीत, आणि तुम्ही क्लोंडाइक हायवेवर टॅक्सी शोधताय. त्या जास्तीच्या पैशांकडे विम्याचा हप्ता म्हणून बघा. हप्ता फुकट गेला म्हणून कोणी रडत नाही.

चाकोरीबाहेर

दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडताय. गाडीच कशाला?

शिखराच्या सहलीत तुम्ही डब्यात बसता, वर जाता, वर उतरू देत नाहीत, इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात आणि त्याच रुळांवरून खाली. जे जाताना बघितलं तेच येताना. वर ढग उतरले असतील तर खिडकीबाहेर पांढरा पडदा. त्यापेक्षा क्लोंडाइक हायवेनं व्हॅन किंवा छोटी बस घ्या. धबधब्यापाशी थांबते, फोटोला उतरू देते, पुढे कॅनडाच्या युकॉन प्रांतातलं एमराल्ड लेक आणि कारक्रॉस दाखवून आणते. पैसे कमी, बघणं दुप्पट. आणि वाफेच्या इंजिनाच्या आशेनं जाणार असाल तर आधीच सांगतो, रोजच्या गाड्यांना डिझेल इंजिनं असतात.

बेरजेचं_गणित

काकांशी अर्धा सहमत, पण कारण वेगळं. तुम्ही जहाज चुकण्याबद्दल बोलताय. बंदर चुकलं तर? वाऱ्यामुळे कप्तान ऐनवेळी बंदर रद्द करू शकतो आणि लिन कॅनालमधला (स्कॅगवेला जाणारी लांब खाडी) वारा काही साधा नाही. शिवाय स्कॅगवेच्या रेलरोड डॉकवर २०२२ मध्ये डोंगरातून दरडी आल्या. तिथला एक धक्का बंद करावा लागला, काही जहाजांना छोट्या बोटींनी माणसं उतरवावी लागली. बोटीनं उतरायचं म्हणजे रांग आली आणि सकाळचा पहिला तास गेला.

अशा वेळी जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप खात्यात परत येतात. बाहेरून घेतलेल्या तिकिटाला त्या-त्या कंपनीची अट लागू. ती चांगली असेल तर थेट घ्या, नसेल तर नको. धागाकर्तीनं ती अट वाचली आहे का? धाग्यात त्याबद्दल एक ओळ नाही.

पश्चिमवारा

@निवांत_काका, परिणाम मोठा म्हणून शक्यता मोठी होत नाही. सकाळची गाडी सात-आठ तास उशिरा आल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? आणि विम्याचंच म्हणाल तर आमचा प्रवास विमा वेगळा काढलेला आहेच, एकाच घराला दोन कुलुपं कशाला?

@बेरजेचं_गणित, मुद्दा रास्त. अट वाचल्याशिवाय पैसे भरणार नाही. पण तो मुद्दा अट वाचण्याचा झाला, जहाजाकडूनच घेण्याचा नाही.

@चाकोरीबाहेर, गाडीवर चर्चा नको असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. बाबांचं बालपण कर्जतला गेलंय. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर (ढकलायला लावलेली जादा इंजिनं) लागताना बघत ते मोठे झालेत. त्यांना व्हॅनमध्ये बसवून "रेल्वे पलीकडे दिसतेय बघा" सांगायची हिंमत माझ्यात नाही.

खंडाळ्याचा_घाट

बाबांना माझा नमस्कार सांगा! आता या धाग्यात यावंच लागलं.

@चाकोरीबाहेर, तुमचं "त्याच रुळांवरून खाली" वाचून वाईट वाटलं. ही रेल्वे तीन फुटी, म्हणजे अरुंद मापाची. १८९८ च्या मे महिन्यात काम सुरू झालं आणि २० फेब्रुवारी १८९९ ला पहिली प्रवासी गाडी शिखरावर पोचली. भर अलास्कन हिवाळ्यात, कडे फोडत, नऊ महिन्यांत. वीसेक मैलांत समुद्रसपाटीपासून २,८६५ फूट चढते. सगळ्यात तीव्र चढ ३.९ टक्के, म्हणजे साधारण २६ ला १ (२६ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर). बोरघाटात ३७ ला १ आहे, बाबांना ताबडतोब कळेल. (माथेरानची २० ला १ आहे, म्हणजे चढात आपली फुलराणी हिलाही मागे टाकते. हे तिथल्या गाइडला सांगू नका.)

व्हॅनमधून दिसत नाही ते सांगतो. हायवे दरीच्या पलीकडच्या अंगानं जातो. युकॉनमधल्या सोन्याच्या मागे धावलेल्या लोकांची १८९७-९८ ची पायवाट रेल्वेच्या बाजूनं आहे, गाडीतून ती खाली खडकात कोरल्यासारखी दिसते. कॅनडाचे घोडेस्वार पोलीस वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय कोणाला आत घेत नसत. सगळं मिळून माणशी जवळजवळ एक टन. ते वाहून नेताना या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले, म्हणून तिचं नावच डेड हॉर्स ट्रेल पडलं. पुढे एका ठिकाणी काळा क्रूस दिसतो. ३ ऑगस्ट १८९८ ला सुरुंगाच्या स्फोटात शंभर टनांची शिळा कोसळून दोन कामगार खाली गाडले गेले, ते तिथेच आहेत. वर १९०१ चा पोलादी पूल लागतो. १९६९ पासून गाडी त्यावरून जात नाही, बाजूच्या नव्या पुलावरून जाताना तो गंजलेला सांगाडा दरीत लटकलेला दिसतो.

आणि गंमत म्हणजे २९ जुलै १९०० ला कारक्रॉसला शेवटचा खिळा ठोकून मार्ग पूर्ण झाला, तोवर सोन्याची धाव ओसरली होती. नंतर ही रेल्वे खाणींच्या मालावर जगली. १९८२ मध्ये धातूंचे भाव पडले, खाणी बंद पडल्या, रेल्वेही बंद. १९८८ ला पुन्हा सुरू झाली ती क्रूझच्या प्रवाशांसाठी. तेव्हा धागाकर्ती म्हणतात ते खरंच आहे, जहाजांशिवाय ही रेल्वे उभी राहत नाही.

तिकीट कोणाकडूनही घ्या. जागा मात्र चढताना डाव्या हाताची धरा, दरी त्या बाजूला. वर गेल्यावर बाकांच्या पाठी उलटवतात आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना जागा बदलायला सांगतात, म्हणून ज्यांना पहिल्यांदा दिसत नाही त्यांनाही उतरताना मिळतं. डब्याच्या टोकाला उघडा सज्जा आहे. बाबा आत बसणारच नाहीत, जाड जॅकेट द्या.

चाकोरीबाहेर

इतिहास छान. ढगात तोही दिसत नाही.

खंडाळ्याचा_घाट

ढगात तुमचा एमराल्ड लेक तरी कुठे हिरवा दिसणार? तसं स्कॅगवे त्या पट्ट्यात बऱ्यापैकी कोरडं आहे. त्याच पट्ट्यातल्या केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथे त्याचा पाचवा हिस्साही नाही.

सुमेधा_व्हँकुव्हर

कोणी व्हिसाबद्दल बोललंच नाही, म्हणून लिहितेय. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी खरा प्रश्न तो आहे.

नुसती शिखराची फेरी असेल तर गाडी सरहद्दीला टेकून परत येते, कोणी उतरत नाही, त्या सहलीला पासपोर्ट मागत नाहीत. पण गाडीनं ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझरपर्यंत आणि बसनं परत (किंवा उलट) अशी जोडसहल घेतलीत तर तुम्ही कॅनडात उतरता. तिथे पासपोर्ट हवा आणि भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा हवा. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. आई-बाबा पर्यटक व्हिसावर आले असतील तर त्यांना व्हिसा लागणार.

आता दुसरी बाजू. सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परतणारी परदेशी नोंदणीची जहाजं वाटेत एका परदेशी बंदराला शिवतात. १८८६ चा अमेरिकेचा कायदा आहे, त्याच्यामुळेच कॅनडातलं व्हिक्टोरिया बहुतेक कार्यक्रमांत असतं. म्हणजे आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा तुम्हाला क्रूझसाठी काढावा लागलाच असेल. मग तो वापरा ना! बसनं वर, फ्रेझरहून गाडीनं खाली. चाकोरीबाहेर यांची बस आणि बाबांची गाडी, दोन्ही एका दिवसात. सगळ्यांचे पासपोर्ट मात्र आठवणीनं बरोबर घ्या, खोलीतल्या तिजोरीत ठेवून येणारे पुष्कळ असतात.

फक्त एक. ही जोडसहल घेणार असाल तर मी जहाजाकडूनच घ्या म्हणेन. बसच्या वेळेला गाडीची वेळ, त्यात सरहद्दीवरची तपासणी. एका बसमधल्या एका माणसाच्या कागदावरून सगळी बस उभी राहते.

निवांत_काका

म्हणजे धोका आहे! सुमेधाताई, धन्यवाद. एवढंच तर म्हणत होतो.

सुमेधा_व्हँकुव्हर

काका, मी जोडसहलीबद्दल लिहिलं. शिखराच्या फेरीला मी स्वतः थेट तिकीट काढलं होतं आणि पुन्हा काढेन. माझं वाक्य अर्धं तोडून नेऊ नका. :)

फ्योर्डप्रेमी

नॉर्वेतल्या फ्लॉमचा अनुभव वेगळा आहे. तिथली गाडी वीसेक किलोमीटरची, मिर्दालपर्यंत साडेआठशे मीटरच्या वर चढते, जायला तासभर. स्टेशन धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून जहाज चुकायची भीती स्कॅगवेहूनही कमी. पण मोठं जहाज लागलं की सोयीच्या वेळच्या जागा सहलींसाठी आधीच उचललेल्या असतात. तिथे थेट घ्यायचं तर महिनोन् महिने आधी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी जहाजाला पैसे द्यावेत, रडू नये.

बेरजेचं_गणित

अवांतर: "मधल्या दलालाला पैसे नकोत" म्हणून थेट घेणाऱ्यांसाठी. २०१८ मध्ये व्हाइट पास रेल्वे विकली गेली तेव्हा घेणाऱ्यांमध्ये कार्निव्हल ही क्रूझ कंपनीही होती. तत्त्वासाठी थेट घेत असाल तर एवढं माहीत असू द्या. पैशांसाठी घेत असाल तर खुशाल घ्या.

पश्चिमवारा

तत्त्व वगैरे काही नाही, पैशांसाठीच.

सुमेधाताई, व्हिसा काढलाय, पण जोडसहल नको. आईला बसच्या वळणांचा त्रास होतो. शिखराची सकाळची फेरी, थेट रेल्वेकडून. रद्द करायची अट काल रात्री वाचली, आम्हाला चालण्यासारखी आहे. जहाजाकडून घेतल्यावर गाडी धक्क्यापाशीच उभी असते आणि थेट घेतल्यावर गावातल्या स्टेशनापर्यंत जावं लागतं, एवढा एक फरक मला मान्य आहे. पण धक्क्यावरून गावात शटल बस आहे आणि आई-बाबा रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे आहेत.

निवांत_काका

तुमचं ठरलंच होतं, धागा कशाला काढलात?

असो. आम्ही पुढच्या जूनमध्ये जातोय, चौदा जणांचा गट, त्यात एक काकू व्हीलचेअरवर. मी सगळ्यांची तिकिटं जहाजाकडूनच काढणार, कारण त्या चौदांपैकी एक जण तरी गावात खरेदीला भटकणार आणि त्याला शोधायची वेळ माझ्यावर येणार. खंडाळ्याचा_घाट, व्हीलचेअर गाडीत चढवायची सोय आहे का?

खंडाळ्याचा_घाट

आहे. लिफ्ट असलेला डबा असतो, पण तो प्रत्येक गाडीला असेलच असं धरून चालू नका. तिकीट काढतानाच सांगावं लागतं. जहाजाकडून काढलंत तर त्यांच्या सहलींच्या टेबलावर पहिल्याच दिवशी जाऊन पुन्हा एकदा लिहून घ्या.